मांडवाची दोरी

खुडणी उद्या, म्हणाले मामंजी. उद्याच.

चिनात्सुनं आभाळाकडे पाहिलं. पश्चिमेच्या डोंगरावर ढग बसलाय, उठायचं नाव नाही. उद्या पाऊस. ओलं पान कुणी खुडत नाही. पाऊस थांबून पान सुकेपर्यंत ते जून होणार. मग वर्षभर राखलं कशासाठी?

ती मळ्यावर घातलेल्या मांडवात शिरली. बाहेर आली. पुन्हा शिरली.

पेंढ्याच्या चटयांखाली अंधार होता. उन्हाविना चहाची पानं गर्द, मऊ, लोंबती झालेली. तिनं एक चावलं. गोड. कालच्यापेक्षा गोड.

आज. आजच.

पण पान चावून दिवस ठरवायचा तो मामंजींनी. होशिनोच्या खोऱ्यात त्यांचीच, इसाकुंचीच, जीभ प्रमाण; शेजारीसुद्धा डहाळी घेऊन दारात यायचे. सकाळी त्यांनी पान चावलं, डोळे मिटले, चोथा थुंकला. उद्या.

आणि त्याआधी, न्याहारीला—

न्याहारीला भातावर खारवलेलं उमेचं फळ होतं. त्याच्या आंबटपणानं भल्याभल्यांचे चेहरे वाकडे होतात. मामंजींनी ते तोंडात टाकलं, चघळलं, बी ताटलीत ठेवली. कपाळावरची एक आठी हलली नाही. हिवाळ्यात ते तापातून उठले, त्यानंतर एकदा सूप खारट झालं होतं. तेव्हाही बोलले नव्हते. सांभाळून घेतात बिचारे, असं तिला वाटलं होतं.

सांभाळून कसलं. जीभ गेली होती. नाकही.

सांगावं? कुणाला? नवरा, ताकाओ, घरामागच्या कारखान्यात पानं वाफवायचं यंत्र पुसत होता. मान वर न करता म्हणाला, बाबा म्हणतात ते खरं. अंगणात खुडणाऱ्या बायका टोपल्या उपड्या घालून त्यांवर बसलेल्या. त्यांची म्होरकी मासुयोकाकू म्हणाली, बस की गं जरा, तुझ्या येरझाऱ्यांनी माझे पाय दुखायला लागले.

बसवेना.

या बायकांसमोर बोललं तर संध्याकाळच्या आत खोरंभर होणार, इसाकुंची जीभ मेली म्हणून. नाही बोललं तर पान जाणार.

जीभ. पान. जीभ.

वारा फिरला. त्यात ओल होती.

ती मांडवाच्या टोकाशी गेली. चटया खांबाला दोरीनं बांधलेल्या. गाठ तिच्याच हातची. सोडली. चटयांची अख्खी ओळ सरसरत घसरली आणि झुडपांवर ऊन पडलं.

आता पुन्हा झाकून उपयोग नव्हता. ऊन लागलं की पान तुरट होऊ लागतं; खुडायचं तर लगेच. आणि एका ओळीसाठी कारखान्यातली वाफेची भट्टी कुणी पेटवत नाही. पेटली तर सगळ्या मळ्यासाठी.

बायका धावत आल्या.

"शहरातली सून," मासुयोकाकू म्हणाली. "केसांना गाठ मारता येते, दोरीला येत नाही."

हशा पिकला. चिनात्सु मान खाली घालून चुकलं म्हणाली, दोनदा म्हणाली.

मग इसाकु आले. पडलेली दोरी उचलली. तुटली नव्हती. झिजलीही नव्हती. ते ती बोटांवरून फिरवत राहिले, चिनात्सुकडे न बघता.

"तोडा," ते म्हणाले. "सगळं तोडा. एवढ्याशासाठी वाफ कोण काढणार?"

आणि दोरी खिशात घातली.

पहिल्या टोपल्या कारखान्यात पोचल्या तेव्हा ऊन गेलेलं होतं. ताकाओ पानं ओतायला पलीकडे गेला. यंत्र घरघरू लागलं. मामंजी यंत्राची कळ धरून वाफेपाशी उभे राहिले, दरवर्षीसारखे, डोळे मिटून. चिनात्सु शेजारी. हात कुठे ठेवावेत तिला कळेना.

"वास कसा येतोय?"

घरघरीत ते फक्त तिलाच ऐकू आलं.

तिनं वाफेत तोंड घातलं. चटका बसला. "कच्च्या गवताचा, मामंजी."

"अजून?"

"अजून गवतच. कमी होतोय. थांबा. गेला."

त्या शब्दावर त्यांनी कळ फिरवली.

"आता?"

"खायचं शेवाळ भाजतात ना, तसा. समुद्रासारखा. त्याखाली गोड काहीतरी आहे, कणसासारखं."

त्यांच्या खिशातून दोरीचं टोक लोंबत होतं.

"पुढची टोपली आण," ते म्हणाले. "आणि सांगत राहा."