फुंकरबुवाचा दगड

बुवाने कापडाखालचा दगड दोन्ही तळहातांवर धरला, डोळे मिटले, गाल फुगवले आणि एक लांब फुंकर मारली. मग कापड अलगद दूर केलं.

पटांगणातला गलका जागच्या जागी थांबला. काल संध्याकाळपर्यंत जो साधा करडा गोटा होता, त्याच्या पोटातून वेटोळं घातलेला एक शंख वर आला होता. प्रत्येक वळी वेगळी दिसत होती. दगडाची मालकीण पुढे झाली. तिने गोटा उलटा करून पाहिला. काल तिनेच खिळ्याने कोरलेली फुली तळाला तशीच होती. म्हणजे दगड बदललेला नव्हता. तिने तो उराशी धरला आणि ती रडू लागली. तिच्या मागची माणसंही डोळे पुसू लागली.

रांगेच्या शेवटी उभी असलेली तिची थोरली बहीण मात्र रडली नाही. ती आदल्याच दिवशी शहरातून आली होती. तिथल्या वस्तुसंग्रहालयात दगडांतून जुनी हाडं, शंख, माशांचे सांगाडे सोडवून साफ करायचं काम ती वर्षानुवर्षं करत आली होती. माहेरी ती ताई, आणि संग्रहालयातही लहानथोर सगळ्यांची ताईच.

बुवा बोलू लागला. दगडाला पाझर फुटतो असं लोक नुसतं म्हणतात, इथे दगडाला प्राण फुटतो, असं तो म्हणाला. डॉक्टर छातीचा फोटो काढून आत काय आहे ते दाखवतो, आम्ही आत आहे ते बाहेर काढतो, असंही म्हणाला. हे वाक्य ऐकताच पुढच्या रांगेतल्या चारदोन जणांनी माना डोलावल्या. तेच वाक्य त्यांनी कालही ऐकलं होतं, आणि कालही अशाच माना डोलावल्या होत्या. शेवटी बुवाने धाकटीच्या हातात कागदाच्या पुड्या ठेवल्या. तिच्या दगडाने उघडताना जो श्वास सोडला, त्याची ही भुकटी. धन्याने सकाळ-संध्याकाळ नाकाने ओढायची. दगडाने ज्याची छाती धरली, त्याची छाती दगडच सोडील.

त्या गावात छाती धरलेली माणसं घरोघर होती. गाव खाणीवर जगत होतं. वाळूच्या कठीण दगडाच्या लाद्या निघत, त्या दूर विकायला जात. मधल्या मऊ थरातले करडे गोटे कुणाच्या कामाचे नव्हते. ते खाणीबाहेर ढिगांनी पडलेले असत. बुवा आला आणि त्या ढिगांना किंमत आली. आपला गोटा निवडायचा, त्यावर खूण करायची, एक रात्र बुवाच्या कुलूपबंद खोलीत ठेवायचा. खोलीमागे रात्रभर जनरेटर धडधडत असे. विजेचा भरवसा नाही, असं बुवा सांगे. प्रत्येकच गोटा उघडत नसे. ज्याचा उघडला नाही त्याची श्रद्धा कमी पडली, असा निकाल लागे, आणि तो माणूस मान खाली घालून दुसरा गोटा शोधायला जाई.

धाकटीचा नवरा खाणीत ड्रिल चालवायचा. आता तो खिडकीपाशी खुर्चीवर बसलेला असे. वाक्य बोलताना मध्ये थांबावं लागे. दगडाची धूळ फुप्फुसात बसली होती, ती काही निघणार नव्हती. पण डॉक्टरांनी सांगितलं होतं की त्या फुप्फुसात आता क्षयही शिरला आहे, आणि क्षय गोळ्यांनी बरा होतो. गोळ्या लागूही पडत होत्या. ताप गेला होता, भूक लागू लागली होती. मग फुंकरबुवा आला.

घरी आल्यावर ताईने कपाटाचा खण उघडला. गोळ्यांची पाकिटं न फोडलेली पडली होती.

“गोळ्यांनी मळमळतं, ताई,” तो ओशाळून म्हणाला. “भुकटीने निदान... आत काहीतरी गेल्यासारखं वाटतं.”

धाकटी दारात उभी होती. तिने सांगितलं की ताई शिकलेली आहे, शहाणी आहे, पण रोज रात्री ह्यांचा खोकला ऐकत बसायची वेळ तिच्यावर आलेली नाही. डॉक्टर म्हणतो धूळ निघणार नाही. बुवा म्हणतो निघेल. बुडणाऱ्याने कुणाचा हात धरायचा?

ताईने दगड मागून घेतला, उजेडात नेला आणि पिशवीतलं भिंग काढलं. बघताबघता तिचा चेहरा उतरला. शंखाभोवतीचा दगड झिजून धुरकट काचेसारखा झाला होता आणि त्यावर सुईच्या टोकाएवढे असंख्य खळगे होते. वळ्यांच्या कडा बोथट झाल्या होत्या, म्हणजे काम घाईचं होतं. आणि दोन वळ्यांच्या खाचेत, जिथे नीट झाडलेलं नव्हतं, तिथे बारीक वाळूचे चमचमते कण अडकले होते. असा पृष्ठभाग तिने हजारदा पाहिला होता. तो तिच्या स्वतःच्या हाताखालून निघत असे. हवेच्या जोरदार झोतात भुकटी सोडून दगड झिजवला की तो असाच दिसतो. फक्त ताई त्यासाठी वाळू कधीच वापरत नसे.

तिने पुडी उघडली, चिमूटभर भुकटी बोटांत चोळली आणि भिंगाखाली धरली. तेच चमचमते कण, पीठ झालेले.

तिने दोघांना समजावून सांगितलं. ही वाळूची धूळ आहे. खाणीत जी छातीत गेली तीच, त्याहूनही बारीक. त्याने ऐकून घेतलं. धाकटीने विचारलं, मग शंख कसा उघडला? खूण तर तिचीच होती. ताईने तेही सांगितलं, पण ऐकलेलं आणि पाहिलेलं यांत फरक पडतो. संध्याकाळी तो खुर्चीत वळला आणि पाठमोरा होऊन त्याने पुडी ओढली. ताईने ते पाहिलं. त्याला वाटलं होतं तिला दिसणार नाही.

दुसऱ्या दिवशी ती डॉक्टरांना भेटून आली. डॉक्टर थकलेले होते. खाणीतल्या निम्म्या रोग्यांनी गोळ्या सोडल्यात, असं ते म्हणाले. ते रागावले होते, समजूत काढून झाली होती, एकदा बुवाकडे जाऊन भांडूनही आले होते. त्यानंतर दवाखान्यात येणारे आणखी कमी झाले.

मग ताईने सांगण्याचा नाद सोडला आणि दगड झिजवून साफ करायची पेटी बनवायला घेतली. संग्रहालयातलं परदेशी यंत्र बंद पडलं तेव्हा दुरुस्तीला कुणी येईना, म्हणून तिने अशीच एक घरगुती पेटी बनवली होती आणि पुढे त्याच पेटीवर सगळं काम केलं होतं. बाजारातून तिने कपडे ठेवायचा मोठा पारदर्शक प्लास्टिकचा डबा आणला. गरम सळईने पुढच्या बाजूला दोन भोकं पाडली, त्यांत कोपरापर्यंतचे रबरी हातमोजे बसवून कडेने चिकटपट्टी लावली. झाकणाचा चौकोन कापून तिथे काच बसवली, कारण प्लास्टिक आतून ओरखडून आंधळं होतं. मागच्या भोकाला धूळ ओढायचं जुनं यंत्र जोडलं. रंगाची फवारणी करायचं बारीक तोंडाचं पिस्तूल मिळालं. वाळूऐवजी खाण्याचा सोडा, चाळून, कोरडा करून.

राहिली हवा. तिच्यासाठी ताई पंक्चरवाल्याकडे गेली. त्याने एक लहान कॉम्प्रेसर काढून दिला आणि सहज म्हणाला, “याचा जोडीदार बुवाने नेला. गाडीत हवा भरायला लागतो म्हणाला.” मग जरा थांबून स्वतःशीच बोलल्यासारखं म्हणाला, “गाडी कुठाय त्याच्याकडे?”

ताई म्हणाली, तो प्रश्न पटांगणात विचारशील का? पंक्चरवाल्याने डोकं खाजवलं. त्याच्या आईचाही गोटा बुवाकडे गेला होता.

पुढच्या बैठकीला ताई पेटी घेऊन पटांगणात गेली. धाकटी येईना, पण नवरा म्हणाला मला बघायचंय, म्हणून त्याला खुर्चीसकट आणावं लागलं, आणि त्याच्यामागून तीही आली. लोक कुजबुजले. बुवा हसला. बाई, इथे यंत्राचं काम नाही, मन साफ लागतं, असं म्हणाला.

ताईने त्याच्याशी वाद घातला नाही. ढिगातून कुणीही एक गोटा निवडावा आणि त्यावर खूण करावी, असं तिने लोकांना सांगितलं. खाणीतल्या एका मुकादमाने गोटा निवडून खडूने त्यावर रेघ ओढली. ताईने सगळ्यांना वारा जिकडून येत होता त्या बाजूला उभं केलं, स्वतः मास्क बांधला, धाकटीच्या नवऱ्यालाही बांधायला लावला आणि हात मोज्यांत घातले. कॉम्प्रेसर सुरू झाला. काचेखाली पांढरी धार गोट्यावर पडू लागली.

सुरुवातीला काहीच होईना. कुणीतरी मागून खोकल्यासारखं हसलं. मग करड्या दगडात एक गडद रेघ दिसली. रेघेची कमान झाली, कमानीची वळी झाली. मऊ दगड झडत होता, कठीण शंख राहत होता. माणसं पुढे सरकली. एक म्हातारी काचेला नाक लावून बघत होती. बराच वेळ गेला. ताईच्या पाठीला रग लागली, पण ती थांबली नाही. शेवटी तिने यंत्र बंद केलं आणि गोटा मुकादमाच्या हातात दिला. खडूची रेघ पाठीमागे तशीच होती.

“मी देवमाणूस नाही,” ती म्हणाली. “हा शंखातला प्राणी फार जुन्या काळी समुद्रात मेला, चिखलात पुरला गेला, चिखलाचा दगड झाला. तो आतच होता. याच्या अंगात ना रोग बरा करायची शक्ती आहे, ना कुणाची श्रद्धा मोजायची. ज्या गोट्यात शंख नाही, त्यातून मी घासून घासून मेले तरी काही निघणार नाही.”

बुवा म्हणाला, ही नक्कल आहे. नक्कल असते म्हणजे अस्सलही असतं. वाक्य बेताचं होतं, पण काही माना हलल्या. तेव्हा पंक्चरवाल्याने आपला प्रश्न विचारला. बुवा, तुमची गाडी कुठाय? बुवाने डोळे मिटले. मुकादम म्हणाला, मग खोली उघडा. बुवाने डोळे उघडले नाहीत. शेवटी लोकांनीच कुलूप तोडलं.

आत लाकडी पेटी होती. वर काच, पुढे दोन भोकं, भोकांत लांब रबरी मोजे. कोपऱ्यात चाळलेल्या वाळूचं पोतं आणि पंक्चरवाल्याचा कॉम्प्रेसर. पेटीखाली धूळ साठवायचं तबक, आणि शेजारी पुड्यांसाठी कापलेले कागद. भिंतीवरच्या खिळ्याला एक मास्क लटकत होता. चांगला, जाड, दोन्ही गालांवर गाळण्या असलेला.

धाकटीचा नवरा खुर्चीतून उठून दारापर्यंत आला होता. भिंतीला धरून तो त्या मास्ककडे बघत राहिला. खाणीत त्यांना तसला कधी मिळाला नव्हता. तोंडाला फडकं बांधत.

“म्हणजे त्याला ठाऊक होतं,” तो म्हणाला. थांबला, श्वास घेतला. “आणि मी ओढत होतो ते?”

“तीच धूळ,” ताई म्हणाली.

त्याने मान हलवली. धाकटी अगदी हळू बोलली. पुड्या मी द्यायचे, म्हणाली. माझ्या हाताने.

बुवाला पोलीस घेऊन गेले. पुढे तो सुटला, दूरच्या गावी दिसला, असं कुणी कुणी सांगे. आता तिथे पाण्यावर फुंकर मारतो म्हणे. पटांगणातले काही जण अजून म्हणत की शेवटी बाईने त्याचं तेज काढून घेतलं. पण दवाखान्यातली रांग पुन्हा लांब झाली, हेही खरं.

धाकटीच्या नवऱ्याने त्याच दिवशी गोळ्या पुन्हा सुरू केल्या. मळमळलं तरी एकही चुकवली नाही. पण मध्येच सोडलेल्या औषधाला रोग ओळखायला लागतो, तो मग सहजी हटत नाही. डॉक्टरांनी औषध बदललं. ताईने रजा वाढवली. बरं वाटे तेव्हा तो तोंडावर मास्क बांधून पेटीपाशी बसे, मोज्यांत हात घाली आणि एखादा शंख मोकळा करी. इतकी वर्षं दगड फोडत आलो, जपून कधी हात लावला नव्हता, असं एकदा म्हणाला. एका सकाळी धाकटी त्याला उठवायला गेली तेव्हा तो उठला नाही.

भेटायला आलेल्या बायका तिची समजूत घालत. नशीब, म्हणत. आयुष्य तेवढंच होतं, म्हणत. ती ऐकून घेई. एका बाईने मात्र विचारलं, गं, आमचे हे पण खोकतात, तिकडच्या गावी एक जण पाणी फुंकून देतो म्हणे, नेऊन बघू का?

ताईला वाटलं, धाकटी ओरडेल.

“ने,” ती म्हणाली. “पण आधी त्याला सांग, माझ्यासमोर कर. दिवसाउजेडी कर. पाण्यात काय घालतोस ते दाखव, आणि ते आधी तू पी. तो रागावला, तुझी श्रद्धा कमी आहे म्हणाला, तर तिथेच उठ. मी उठले नाही. विचारलं असतं तर देव रागावला नसता गं. रागावला असता तो बुवा.”

मग नवऱ्याला दवाखान्यात कधी न्यायचं ते तिने त्या बाईला विचारलं, आणि सोबत येते म्हणाली.