विंडोजच्या शेजारी

लॅपटॉप विनिताचा होता. हे आधीच सांगितलेलं बरं, कारण काल्हेरच्या त्या घरात ही गोष्ट विनिता सोडून सगळे विसरले होते. लग्नाआधी भिवंडीच्या एका क्लासमध्ये शिकवून तिने तो घेतला होता. लग्नात कपाट-भांड्यांबरोबर तो सासरी आला आणि थेट धंद्याला जुंपला गेला. नवरा दीपेश आणि दीर प्रितेश यांच्या गाड्या वळ गावच्या गोदामांतून माल उचलायच्या. त्या गाड्यांची ई-वे बिलं, गिऱ्हाइकांच्या पावत्या, सगळं विनिता घरी बसून करायची. एका हाताने भाकरी, दुसऱ्या हाताने बिल. बिल नसेल तर गाडी फाटकाबाहेर पडत नाही. तरी कुणी विचारलं की प्रितेश सांगायचा, "वहिनी? वहिनी घरीच असतात."

असतात! जसं पाण्याचं पिंप असतं.

त्या वर्षी विंडोज दहाचं वय भरलं. ऑक्टोबरनंतर त्याची डागडुजी बंद, अकरा घ्या, असं कंपनीने जाहीर केलं. आणि अकरा काही विनिताच्या लॅपटॉपवर चढेना. मशीन पात्र नाही, असं पडद्यावर स्वच्छ लिहून आलं.

प्रितेशला तेवढंच हवं होतं. जेवताना त्याने दीपेशला सांगून टाकलं, "दिवाळीच्या पाडव्याला हा डबा एक्स्चेंजमध्ये देऊ. नवा घेऊ, तो वळच्या ऑफिसात ठेवू. माझ्या दोस्ताचा भाऊ आहे ना, भाविक, तो बसेल त्याच्यावर. वहिनींनाही आराम."

बाईच्या हातातलं काम काढून घ्यायचं असलं की पुरुषांना तिच्या आरामाची आठवण येते. विनिताने भाताचं भांडं जरा आपटूनच खाली ठेवलं.

"पाडव्यापर्यंत थांबा. हाच लॅपटॉप चालवून दाखवते. नाही चालला तर खुशाल न्या आणि बसवा तुमच्या भाविकला."

"कसा चालवणार?"

"लिनक्स टाकून. विंडोजसारखंच असतं, फुकट मिळतं."

प्रितेश खो खो हसला. "वहिनी, फुकटात कधी काय चांगलं मिळतं का?"

"मी मिळाले ना," विनिता म्हणाली.

दीपेशला ठसका लागला. पण त्याने पाडव्यापर्यंतची मुदत कबूल केली.

लिनक्सचं नाव तिने क्लासमध्ये असताना ऐकलं होतं, पुढे कधी हात लावला नव्हता. शोधायला बसली तर कळलं, लिनक्स एक नाही, पसाभर आहेत. आणि नेटवर त्यांच्या भक्तांची अशी जुंपलेली, की गोविंदाच्या दोन मंडळांनी एकाच हंडीखाली थर लावावेत. माझंच खरं, तुझं भंगार. एकाने लिहिलं होतं, ज्यांना काळ्या पडद्यावर हुकूम टाईप करता येत नाहीत त्यांनी इकडे फिरकूच नये. विनिताने त्याला शिवी हासडली, मनात नव्हे, चांगली मोठ्याने. ज्याला दार उघडून देता येत नाही तो कसला जाणकार?

त्या गर्दीत एक कामाची गोष्ट सापडली. लिनक्स पेनड्राईव्हवर घ्यायचं, तो लॅपटॉपला लावायचा आणि मशीनमधलं काहीही न हलवता ते चालवून बघायचं. आधी राहून बघा, मग संसार मांडा. एवढी सोय तिला लग्नातही कुणी दिली नव्हती.

तिने तीन राहून बघितली. पहिल्याला घरातलं वायफाय सापडेना. दुसरं नटवं होतं. त्याचा थाट सांभाळताना लॅपटॉपला धाप लागली. तिसरं मिंट नावाचं. त्याने वायफाय पकडलं, ई-वे बिलाची साईट उघडली, मराठी अक्षरं सरळ दाखवली, आणि उगाच काही विचारत बसलं नाही. विनिताने त्यालाच पसंत केलं. मात्र जुन्या पावत्यांचा प्रोग्राम फक्त विंडोजवर चालायचा, म्हणून विंडोज काढून चालणार नव्हतं. दोघांनी शेजारी-शेजारी नांदायचं: नेटचं काम मिंटवर, जुन्या पावत्या नेट तोडून विंडोजवर. तिने सगळ्या पावत्या वेगळ्या डिस्कवर उतरवून कपाटात ठेवल्या आणि ठरवलं, दसरा झाला की पहिल्या रविवारी मिंट बसवायचं.

दसऱ्याला सासूने, म्हणजे कमळाबाईंनी, घरातली सगळी हत्यारं पुजली. गाड्यांना झेंडूचे हार, कोयत्याला कुंकू, आणि पाटावर उघडून ठेवलेल्या लॅपटॉपला हळद, कुंकू, ओल्या अक्षता, पाकळ्या. कमळाबाईंचा हात सढळ. "तुजा हत्यार हाय गो ता," त्या म्हणाल्या, आणि वर आणखी एक मूठ अक्षता टाकली. त्याला विनिताचं हत्यार म्हणणारं घरातलं ते एकमेव माणूस. विनिताने नंतर पडदा पुसला, बटणं पुसली.

रविवारी सगळे जमले. विनिताने पेनड्राईव्ह लावला, लॅपटॉप चालू करून बटण दाबून धरलं. कशावरून सुरू व्हायचं त्याची यादी आली. यादीत एकटं विंडोज.

पुन्हा केलं. पुन्हा तेच.

"सरका, द्या इकडे," म्हणत प्रितेशने पेनड्राईव्ह उपसला आणि खिळा ठोकावा तसा परत आत ठासला. तरी काही नाही. "बघितलंत? मेलाय तो. मी तर कधीपासून बोलतोय." पेनड्राईव्ह लावायचं दुसरं भोक मागेच खिळखिळं झालेलं. त्यात माऊस सोडून काही चालत नव्हतं.

विनिता रिक्षा करून भिवंडीच्या बाजारात गेली. दुकानदाराने लॅपटॉप उघडलाही नाही. बोटाने टकटक केलं फक्त. "भाभी, बोर्ड गया. ये लिनक्स-विनक्स आपके बस का काम नहीं. एक्स्चेंज में दे दो, अच्छा भाव लगा दूंगा."

परतताना मांडीवर लॅपटॉप घेऊन ती रिक्षात बसली. दुकानदाराचा राग आलाच होता, पण त्याहून जास्त राग याचा आला, की क्षणभर तिला ते पटलं. आपल्या बस का नहीं. कुणी ठामपणे सांगितलं की आपण किती पटकन मान डोलावतो!

घरी कमळाबाई मागच्या दारी निवट्या मासळी साफ करत होत्या. सुनेचं तोंड बघून म्हणाल्या, "क झाला गो?"

"हे भोक मेलं म्हणतात, आई. पेनड्राईव्ह धरत नाही."

"आदी धरत होता?"

"दसऱ्याच्या आदल्या दिवसापर्यंत धरत होता की..."

विनिता बोलता बोलता थांबली. मोबाईलची बॅटरी लावून तिने त्या भोकात डोकावलं. आत काहीतरी लालभडक दिसत होतं.

"आई, हात धुवून या."

कमळाबाईंनी हात धुतले, चष्मा चढवला, वाकून बघितलं आणि कपाळावर हात मारून घेतला. "गो बाय! ही त माजीच अक्षता!"

लॅपटॉप बंदच होता. कमळाबाईंनी सुपाची एक बारीक काडी मोडून घेतली. खाडीच्या मासळीत ज्यांचं आयुष्य गेलं, त्यांना अडकलेलं काढायला शिकवावं लागत नाही. काडी आत गेली, हलकेच फिरली, आणि कुंकवात वाळून घट्ट झालेला तांदळाचा दाणा अर्धा-अर्धा होऊन बाहेर आला. प्रितेशच्या जोराने तो आणखीच रुतला होता.

"कोनाला सांगू नको," कमळाबाई म्हणाल्या. मग विनिताकडे बघून त्यांनीच पदर खोचला. "न्हाय, मीच सांगतंय. चूक माजी, न् त्याच्यापायी तुजा लॅपटॉप जातो का काय!"

त्यांनी खरंच सांगितलं, आळीभर ऐकू जाईल अशा आवाजात. दीपेश, प्रितेश दोघंही आले. दुकानदाराचं बोर्ड एका तांदळाच्या दाण्यात मेलं होतं!

पेनड्राईव्ह लावला. यादीत दोन नावं आली.

पुढचं काम विनिताने कुणालाही हात लावू न देता केलं. एका पडद्यावर दोन वाटा होत्या: विंडोजच्या शेजारी बसवा, किंवा सगळी डिस्क पुसून टाका. एकाखाली एक, तांदूळभर अंतरावर. तिने दोनदा वाचलं, मग दाबलं. डिस्कवरची जागा दोघांपैकी कुणाला किती द्यायची ते विचारलं गेलं. मधली रेघ धरून सरकवायची होती.

"वाटण्या करताय का वहिनी?" प्रितेशने टोमणा मारलाच.

गोदामांसाठी जमिनी विकल्या तेव्हा या घरातल्या बहिणींच्या हक्कसोडपत्रांवर सह्या घेतल्या होत्या. पेढे देऊन. ते विनिताने डोळ्यांनी बघितलं होतं.

"हो," ती म्हणाली. "एक वाटणी बाईच्या हाताने होतेय. बघून घ्या, परत कधी बघायला मिळेल!" आणि रेघ तिने मधोमध आणून ठेवली.

कमळाबाई फिसकन हसल्या. प्रितेश मोबाईलमध्ये बघायला लागला.

पडद्यावरची पट्टी भरत गेली. लॅपटॉप बंद होऊन चालू झाला. काळ्या पडद्यावर मिंटचं नाव, खाली विंडोजचं. विनिताने आधी विंडोज उघडलं. धाकधूक होती ती त्याचीच. जुन्या पावत्या जागच्या जागी, एकही इकडची तिकडे नाही. दीपेशने सोडलेला श्वास सगळ्यांना ऐकू आला. मग तिने मिंट उघडलं, आणि तेवढ्यात प्रितेशचा फोन वाजला. वळला गाडी भरून फाटकाशी उभी होती, बिलासाठी ड्रायव्हर खोळंबला होता.

प्रितेशने वहिनीकडे बघितलं. आता विचारणं भाग होतं.

"गाडी नंबर बोला," विनिता म्हणाली.

तो बोलत गेला, ती टाईप करत गेली. लॅपटॉपला धापसुद्धा लागली नाही. बिल निघालं, ड्रायव्हरच्या मोबाईलवर गेलं, आणि पलीकडून आवाज आला, "मिल गया सेठ, निकलता हूं."

दीपेशने घसा खाकरला. बायकोचं बरोबर होतं हे म्हणायला नवऱ्यांचा घसा आधी साफ व्हावा लागतो. "पाडव्याला नवीन काही घ्यायचं नाही. टेबल-खुर्ची तेवढी घेऊ, वळच्या ऑफिसात. विनिता बसेल."

"आणि भाविक?" प्रितेशने विचारलं.

"त्याला आराम," विनिता म्हणाली.

पाडव्याला वळच्या ऑफिसात पूजा झाली. टेबल नवं, लॅपटॉप जुना, आणि त्याच्या दोन्ही भोकांवर विनिताने चिकटपट्टी लावलेली. कमळाबाईंनी झाकणावर मोजून एक बोट कुंकू लावलं आणि अक्षता दारातल्या गाडीवर उधळल्या. सुनेला खुर्चीत बसलेली बघून त्या सगळ्यांदेखत म्हणाल्या, "आता बोल प्रितेश, तुजी वहिनी कुठं असते?"

"ऑफिसात," प्रितेश पुटपुटला.

तो तिथेच घुटमळत राहिला. काखेत काहीतरी होतं. शेवटी त्याने ते टेबलावर ठेवलं. त्याचा स्वतःचा लॅपटॉप, अकरा न चढलेला.

"वहिनी, जरा याचं पण..."

"ठेवा," विनिता पडद्यावरून नजर न काढता म्हणाली. "आणि आधी सांगा, दसऱ्याला याची पूजा कुणी केली होती?"