त्या जमिनीला एसी कोण लावणार?

"फेका ते सगळं!" प्रयोगशाळेचे साहेब नाकाला रुमाल लावून म्हणाले. "सुट्टीत एसी बंद पडला, उकाड्याने गांडुळं मेली. वीस अंशांवर चाचणी परत लावा."

गांडुळं सोडून माती तपासणाऱ्या बाईंना सगळे पाठीमागे गांडूळबाई म्हणत. बाईंनी दोन बरण्या साहेबांपुढे आपटल्या.

"उकाड्याने मेली, तर ही का जगली? उकाडा एकच, खोली एकच. ही साध्या मातीतली. मेली ती बंद कारखान्यामागच्या मातीतली. तिच्यात जस्त आहे. गारव्यात गांडुळं ते कसंबसं सोसतात. तापलं की तेच जस्त जिवावर उठतं."

"म्हणून तर म्हणतो, गार खोलीत लावा. माती पास होईल."

"आणि उन्हाळ्यात त्या जमिनीला एसी कोण लावणार? तुम्ही?"

साहेबांचा चेहरा पडला. ती जमीन भाजीपाल्यासाठी लोकांना वाटायची होती, वरून घाई होती.

संध्याकाळी धाकटी जाऊ आली. वाटपात तिचाही नंबर लागला होता. बियाणं आणून झालं होतं.

"ताई, गारव्यात पास होतेय ना? मग होऊ द्या की! तुमचं काय जातंय?"

नवरा गेल्यापासून भाड्याच्या खोलीत दिवस काढणारी ही पोर इतकी हसताना त्यांनी कधी पाहिली नव्हती.

"तुझी पोरं तिथे खेळतील," त्या एवढंच म्हणाल्या. जाऊ चहा न घेताच उठली.

दुसऱ्या दिवशी बाईंनी नव्या बरण्या भरल्या आणि दुरुस्त झालेला एसी स्वतःच्या हाताने बंद केला. रोज पुठ्ठ्याने वारा घेत त्या तिथेच स्टुलावर बसल्या. साहेबांनी दारातून पाहिलं.

"बाई, हट्ट सोडा. महागात पडेल."

"कणा नसलेले मी पुष्कळ पाहिले, साहेब. त्यांच्यापेक्षा ही गांडुळं बरी, निदान जमीन तरी भुसभुशीत करतात."

निकाल तोच आला. बाईंनी 'नापास' लिहून सही ठोकली. वाटप थांबलं, आणि बाईंची बदली काचसामानाच्या कोठारात झाली. त्याचं त्यांना काही वाटलं नाही. जावेने बोलणं टाकलं, ते मात्र लागलं.

एका सुट्टीला त्या तिच्या दारात गेल्या. कडी वाजवली. आत पावलं वाजली आणि थांबली. उंबऱ्याशी कुंडीत त्याच बियाण्याची रोपं माना टाकून उभी होती. बाई खाली बसल्या, माती बोटांनी उकरली आणि डबीतून आणलेली, साध्या मातीत जगलेली गांडुळं तिच्यात सोडली. वरून ओंजळभर पाणी घातलं.

दार उघडलं नाही. बाईंनी दुसऱ्यांदा कडी वाजवली नाही. कुंडी तेवढी सावलीत सरकवली आणि हात झटकून त्या जिना उतरल्या.