छापील भाव, वेबसाइटचा भाव आणि चित्रलेखाचा भाव

भास्कर गायकवाडला काय वाटेल ते बोला, पण त्याच्या वेबसाइटला नावं ठेवू नका. ऑस्ट्रेलियात, कॅनबेराच्या गुंगालिन उपनगरात राहणारा हा रिटायर झालेला आयटीवाला. कॅरव्हॅन क्लबची वेबसाइट तो फुकट सांभाळायचा, आणि जावयासारखी बडदास्त ठेवायचा तिची! बायको चित्रलेखा म्हणायची, "अहो, माझ्याकडे कधी एवढं निरखून बघितलं नाहीत."

क्लब म्हणजे गाडीमागे चाकांचं घर जोडून हिंडणाऱ्या, बहुतेक पांढऱ्या केसांच्या मंडळींचा. दरवर्षी क्लबचं पुस्तक निघायचं. कुठल्या शेतात, कुठल्या नदीकाठी व्हॅन लावता येते आणि एका रात्रीचे किती, सगळं त्यात छापलेलं. मग कोरोना आला आणि भावांचा पार विचका झाला. कधी जागाच बंद, कधी निम्म्याच व्हॅनना परवानगी, कधी साफसफाईचा जादा आकार. छापलेला भाव शाई वाळायच्या आत शिळा व्हायचा. शेवटी भास्करनेच कमिटीच्या गळी उतरवलं, की पुस्तकातून भाव काढून टाकू, भाव फक्त ऑनलाइन. पूर्वी कॅनबेरातल्या मेंबरांना पुस्तक तो स्वतः घरी नेऊन द्यायचा. आता तेही पोस्टाने जाऊ लागलं. किती सुटसुटीत झालं, असं त्याला वाटलं.

२०२१ च्या वसंतात, म्हणजे तिथल्या ऑक्टोबरात, लॉकडाऊन उठायची चिन्हं दिसू लागली आणि क्लबने टुमुट गावाजवळच्या एका शेतावर तीन रात्रींचा मेळावा ठरवला. बुकिंग झालेल्यांची नावं भास्करने स्क्रीनवर वाचून दाखवली.

"कीथ कुठाय?" चित्रलेखाने विचारलं.

"तो व्हॅन विकतोय म्हणे. सेक्रेटरी सांगत होती."

"विकतोय? आणि हे तुम्ही असं सांगताय, जणू दूध संपलंय!"

चित्रलेखाचं चिडणं बरोबरच होतं. कीथ म्हणजे कोण? भास्करने नवी व्हॅन घेतली तेव्हा पहिल्याच मेळाव्यात ती रिव्हर्स घेताना त्याची त्रेधातिरपीट उडाली. स्टिअरिंग डावीकडे वळवावं तर व्हॅन निघाली उजवीकडे, थेट कोणाच्या तरी तंबूवर. घडीच्या खुर्च्यांवर बसून बाकीचे बिअर पीत मजा बघत होते. ऐंशीच्या घरातला कीथ तेवढा उठला. खिडकीशी येऊन, इथे मित्राला म्हणतात तसं 'मेट' म्हणत बोलला, "घाई नाही मेट, संध्याकाळपर्यंत वेळ आहे." आणि खरंच संध्याकाळपर्यंत शिकवत बसला. तेव्हापासून या परक्या मुलखात भास्करला एक वडीलधारं माणूस मिळालं. ते माणूस आता घरी बसणार, या विचाराने भास्करला जेवण जाईना.

विचार करता करता त्याच्या डोक्यात प्रकाश पडला. कीथकडे ना कम्प्युटर, ना स्मार्टफोन. त्यातून भाव विचारायची त्याला भारी लाज. जत्रेत मुरंब्याची बाटलीसुद्धा किंमत न विचारता घेणारा माणूस! "विचारलं की वाटतं, याला परवडत नाही," असं तो म्हणायचा. पुस्तकात बघायचा, तेवढीच रक्कम पाकिटात घालून शेतमालकाच्या हातात द्यायचा. आता पुस्तकात भावच नाहीत.

"म्हणजे मीच त्याला घरी बसवला," भास्कर म्हणाला.

"मग छापून द्या की त्याच्यापुरते!"

"वेबसाइटवरचे प्रिंट करतो."

"रोज बदलतात म्हणता ना? थांबा, मीच विचारते."

आणि चित्रलेखाने एकेका शेतमालकाला फोन लावला. नागपूरच्या सीताबर्डीवर भाजी घेत लहानाची मोठी झालेली बाई ती! तिला भाव विचारायची लाज कसली? दोन-तीन दिवस किचनमधून तिचा आवाज येत होता. मध्येच हसणं, मध्येच "ओ नो, डार्लिंग!" शेवटी तिने टुमुटच्या शेतासकट पाच-सहा जागांचे आकडे भास्करच्या हातात ठेवले. भास्करने ते न पडताळताच मोठ्या टायपात छापले, मास्क लावला, शहराच्या बेल्कॉनेन भागात जाऊन कीथच्या पत्रपेटीत कागद टाकला आणि परत आला. कुठे काय चुकलं याचा त्याला पत्ताच नव्हता.

मेळाव्याच्या दिवशी कीथची जुनी व्हॅन फाटकातून आत येताना दिसली आणि भास्कर हातातला चहा सोडून धावला. केवढा आनंद! "आलास! अरे, आलास तू!"

पण कीथचा चेहरा दगडासारखा होता. गाडीतून उतरून त्याने फाटकावरच्या पाटीकडे बोट केलं. पाटीवर एका रात्रीचे पंचेचाळीस डॉलर. मग त्याने भास्करचा कागद पुढे केला. कागदावर तीस.

"वरचे पैसे कोण भरतंय? तू?"

वेबसाइटवरही पंचेचाळीसच होते, हे भास्करला आत्ता आठवलं.

"मी भिकेवर सहलीला येत नाही," कीथ म्हणाला आणि गाडीत बसायला वळला. तो असा गेला असता तर पुन्हा कधी आला नसता, हे भास्करला उमगलं.

एवढ्यात चित्रलेखा आली. कागद बघून म्हणाली, "बरोबरच आहे की. तीसच ठरलेत."

"कोणी ठरवले?"

"मी. पंचेचाळीस काय म्हणून द्यायचे? अंघोळीच्या गरम पाण्याचा पत्ता नाही, विजेचं एकच बटण चालतं. मी वीसपासून सुरुवात केली, मालकीणबाई तिसावर आल्या."

भास्करने कपाळावर हात मारला. "अगं, भाव विचारते म्हणाली होतीस, पाडते नाही!"

"विचारायचा कशाला मग?" चित्रलेखाला खरंच कळेना.

शेतमालकीण डॉयलबाई गोंगाट ऐकून आल्या होत्या. त्या म्हणाल्या, "पैसे कोणी भरलेले नाहीत. अख्खा हिवाळा या शेतावर चिटपाखरू नव्हतं. ही बाई तासभर बोलली. पंधरा मिनिटं भावावरून भांडली, उरलेला वेळ माझ्या गुडघ्याची चौकशी करत होती. मी तर फुकटसुद्धा दिलं असतं, पण ते तिला सांगू नका."

कीथ चित्रलेखाकडे बघत राहिला. मग त्याच्या खांद्यांपासून हसू सुरू झालं आणि तो गाडीला टेकून डोळे पुसेपर्यंत हसला.

व्हॅन लावून झाल्यावर भास्कर आणि कीथ शेकोटीपाशी बसले. भास्करला राहवेना. "माझं चुकलं रे कीथ. भाव छापायचे बंद केले आणि तुझं येणंच बंद झालं. पुढच्या वर्षी पुस्तकात परत टाकायला लावतो."

"भावाचं काय घेऊन बसलास?" कीथ म्हणाला. "न विचारता इतकी वर्षं सगळीकडे गेलोच की. जो काय असेल तो दिला असता."

"मग व्हॅन का विकायला काढलीस?"

कीथने शेकोटीत एक लाकूड सरकवलं.

"पुस्तक घेऊन तू यायचास. चहा घ्यायचास. कुठे जायचं ते आपण ठरवायचो. मग पुस्तक पोस्टाने आलं. मी म्हटलं ठीक आहे, बंद आहे सगळं, फोन येईल. फोनही नाही आला. मग त्या दिवशी तू कागद टाकायला आलास, तेव्हा मी खिडकीतच उभा होतो. वाटलं, आता बेल वाजवशील. मास्क घालून, लांबून, कसाही. तू पेटीचं झाकण लावलंस आणि गेलास."

लॉकडाऊनभर दर संध्याकाळी भास्करने वेबसाइटवरचा एकेक आकडा तपासला होता. या माणसाला एक फोन करायचं मात्र त्याला सुचलं नव्हतं. त्याला स्वतःची इतकी लाज वाटली, की डोळ्यांतलं पाणी शेकोटीच्या धुरावर ढकलायचंही त्याला सुचलं नाही.

"विकत नाहीये आता," कीथ म्हणाला. "पण पुढच्या वेळी बेल वाजव, मेट."

"वाजवतो रे बाबा, वाजवतो," भास्कर म्हणाला. मराठीत बोललो हे त्याच्या लक्षातही आलं नाही, आणि कीथनेही काय म्हणालास म्हणून विचारलं नाही.