धवळीची हळद

आमच्या कळपात धवळी एकटीच पांढरी, बाकी सगळी मेंढरं काळी. त्या दिवशी ती लंगडत व्हती म्हनून घरीच बांधलेली. सकाळी माझी केसर तिच्याजवळ जाऊन उबी राह्यली अन् म्हनली, "आई, धवळीला हळद कुनी लावली?"

मला वाटलं, कुनी तरी खंडोबाचा भंडारा उधळला असंल. जाऊन बगितलं तर धवळी व्हती तशी पांढरीफेक. पोर म्हनली, "तुजं तोंड बी पिवळंय." मी तशीच चुलीकडं पळाले.

कावून पळाले, ते सांगते. लई दिस झाले, पोरीचं पोट मडक्यावानी फुगलेलं, हातापायाच्या काड्या. झोपंत दात खायची, भिताडाची माती चाटायची. आदल्या दिशी तिला वांती झाली अन् त्यातनं वीतभर जंत पडला. तवा आमी तिला घिऊन बीडच्या सरकारी दवाखान्यात गेलतो. डाक्टरनं पोरीला काट्यावर तोललं. घरी आनखी लेकरं हायत का, केवढाली हायत, ते बी इचारलं. मग मी पोरीला घिऊन बाहीर बसले, अन् दवा कशी द्यायची ते आमच्या मालकानं आत ऐकून घेतलं. तितंच घोळ झाला. त्यांच्यापरीस धवळीनं ध्यान दिऊन ऐकलं असतं.

आश्रुबा त्यांचं नाव. आता नाव घ्यायला कशाची लाज. मेंढरांच्या दव्यात त्यांचा हात धरनारा आमच्या कपिलधारच्या अंगाला कुनी न्हवता, अन् त्याचीच त्यांना लई घमेंड. डाक्टरनं तीन पुड्या बांधून दिलत्या, एक केसरची अन् दोन तिच्या धाकट्या भावांच्या. घरी आलो की म्हनले, "पोरं धडधाकट हायती, त्यांना कशाला दवा? तिन्ही हिलाच देऊ. मरतुकड्या कोकराला मी थोरल्या मेंढीयेवढं पाजतो, तवा कुटं ते उटतं."

"ती कोकरू न्हाई," मी म्हनले. "एकीलाच द्यायच्या असत्या, तर डाक्टरनं येगळ्या कावून बांधल्या?"

"तुला काय कळतंय दव्यातलं," म्हनले. मी रागारागानं घागर उचलून पान्याला गेले. आल्यावर इचारलं तर नुसतं "दिली" म्हनले अन् सकाळी कळप घिऊन डोंगराला गेले.

आता धवळीपासून पळत मी चुलीपाशी आले. तितं तीन कागद पडलेले, तिन्ही रिकामे. मी पोरीला कडंवर घेतलं अन् डोंगर चढाय लागले. काटा रुतला का दगड लागला, काय बी ध्यान न्हाई. पोर मातर मजेत व्हती. "आई, आभाळ बगकी कसं झालंय," म्हनायची. मी तिला पोटाशी दाबायचे.

मालक खडकावर बसलेले. मी लांबूनच त्यांना नको नको ते बोलले. पोरीला मारलंत, तिला समदं पिवळं दिसतंय, म्हनले. ते उटले, पोरीचं तोंड बगितलं अन् हळूच म्हनले, "पिवळं दिसतंय व्हय? त्ये दिसनारच. डाक्टर म्हनलावता, ह्या दव्यानं एकदोन दिस दिसंल, भिऊ नका. सकाळी पोट साफ कराय जुलाब द्यायचा बी सांगितलावता. माज्या ध्यानातच राह्यलं न्हाई."

"अन् तीन कागद?"

"हिला एकच दिली गं. दुसरी तोंडापाशी नेली, पर तुजं बोलनं आठवलं अन् हात मागं घेतला."

"मग दोन कुटं गेल्या?"

त्यांनी खडकामागं बोट दावलं. खडकाच्या सावलीला एक मरतुकडं कोकरू पडलं व्हतं. त्याच्याखालची माती दव्याच्या पिवळ्याजर्द मुतानं भिजलेली. माज्या पोरांची दवा ह्या बाबानं कोकराला पाजलीवती.

मी तितंच बसले. हसू यायलं का रडू, मला बी कळंना. मग म्हनले, "त्याला बी सगळं पिवळंच दिसत असंल. पर त्ये कुनाला सांगनार?" मालक हसाय लागले, तवा मी डोळे वटारले. "हसू नका. कळप मी बगते. तुमी दोनी पोरांना घिऊन बीडला जा अन् काय केलं ते डाक्टरला सोत्ताच्या तोंडानं सांगा."

गेले बापडे. डाक्टरनं लई झाडलं म्हनं. दवा अंगाच्या मापानं बांधलेली असती, एकाची दुसऱ्याला द्यायची न्हाई, दोन पुड्या जास्त गेल्या असत्या तर पोर हातची गेली असती. माघारी आले तवा त्यांचं तोंड एवढंसं झालं व्हतं. नव्या पुड्या त्यांनी माज्या हातावर ठिवल्या. "तूच दे," म्हनले.

केसरला मी जुलाब दिलावता. पोटातनं जंतांचे झुबकेच्या झुबके पडले. पोर थकून झोपली. पोट केवढं हालकं झालं व्हतं. मी तिच्या अंगावरचा हात काढला न्हाई.

दुसऱ्या दिशी मी भाकरी थापत व्हते. पोर उटून धवळीकडं गेली अन् लगीच माघारी आली.

"आई, धवळीची हळद कुनी धुतली?"

मी पिठाच्या हातानंच तिला जवळ वढलं. मागं मालक उबे व्हते. त्यांनी पटक्याच्या शेवानं डोळे पुसले अन् कळप सोडाय गेले.