सशांच्या भुशाचं खत

रत्नपाल खिल्लारे यांनी वसमतच्या बसस्थानकावर वाहतूक नियंत्रक म्हणून सगळी नोकरी काढली. कोणती गाडी कुठं लागली आहे, हे माईकवरून सांगायचं काम. निवृत्त झाल्यावर घरातली बातमीही ते त्याच आवाजात सांगत. दूध उतू गेलं आहे. नळ आला आहे.

त्यांची मुलगी आकांक्षा नागपूरला एका लॅबमध्ये नोकरीला लागली. तिथल्या घरमालकिणीला जनावरं चालत नव्हती, म्हणून तिनं आपले दोन ससे खोक्यात घालून वसमतला आणले. घेणारं कुणी मिळेपर्यंत सांभाळा, म्हणाली. रत्नपाल म्हणाले, घरात येऊ द्यायचे नाहीत. पिंजरा मागच्या पडवीत ठेवला गेला.

सशांखाली अंथरायला लाकडाचा भुसा लागायचा. शेजारच्या महेबूबभाईंचं फर्निचरचं दुकान होतं, तिथून तो पोत्यानं मिळे. प्लायवूडच्या भुशात डिंक असतो, तो सशांना बाधेल म्हणून महेबूबभाई सागवानाचा भुसा वेगळा काढून ठेवत. भुसा येण्याची अडचण नव्हती. जाण्याची होती. ओला, लेंड्यांनी भरलेला भुसा घंटागाडीत टाकावा तर गाडीची वेळ नक्की नसे, आणि पोतं दारात राहिलं की गल्लीला वास येई.

रत्नपालांच्या पत्नी चांगुणाबाई मागच्या अंगणात वांगी आणि मिरच्या लावत. लेंड्या म्हणजे खतच की, असं म्हणून त्यांनी रत्नपालांना तो भुसा झाडांच्या बुडाशी पसरायला लावला. भुसा कुजलेला नव्हता; झाडं आठवड्याभरात पिवळी पडली.

"काय केलंत हे?" चांगुणाबाईंनी विचारलं.

"तुमी सांगितलं ते," रत्नपाल म्हणाले.

त्यानंतर ते मोबाईलवर खत करणाऱ्या एका माणसाचे व्हिडिओ बघू लागले. माणूस केरळचा होता आणि मल्याळम बोलत होता. रत्नपालांना त्यातलं अक्षरही कळत नव्हतं, पण त्याचे हात दिसत होते. तो वापरलेल्या भुशाचा थर देई, वर भाजीचा कचरा, वर वाळका पाला, मग शेणाचं पाणी शिंपडून सगळं झाकून ठेवी. रत्नपालांनी भिंतीलगत तसाच ढीग रचला. शेणाचं पाणी मात्र बादल्यांनी ओतलं. ढीग चिकट झाला आणि पोत्यापेक्षा जास्त वास मारू लागला. चांगुणाबाईंनी मागचं दार लावून घेतलं आणि तिकडची धुण्याभांड्यांची कामं पुढच्या दारी करायला सुरुवात केली.

रत्नपालांनी ढीग फावड्यानं उलथला, त्यात वाळका पाला आणि फाडलेली वर्तमानपत्रं घातली. मग दर थोड्या दिवसांनी तो उलथत राहिले. भुसा बदलायला गेले की पडवीतच स्टूल टाकून बसत. सशांना मेथीच्या काड्या देत. सकाळी चहाही तिकडंच मागवू लागले. ढिगावर लक्ष ठेवावं लागतं, म्हणाले.

थंडीतल्या एका सकाळी महेबूबभाई नमाज पढून परत येत होते. त्यांना भिंतीवरून धूर निघताना दिसला. ते बोळातून आत आले, अंगणातली भरलेली बादली उचलली आणि ढिगावर रिकामी केली. आवाजानं रत्नपाल बाहेर आले.

"महेबूबभाई, ते खत आहे."

"जळून राहिलं होतं ना, रत्नपालभाऊ."

"जळत न्हाई. कुजून राहिलंय. वाफ आहे ती."

महेबूबभाईंना ते पटलं नाही. त्यांनी बाही सरकवून ढिगात हात घातला आणि लगेच बाहेर काढला.

"आत तर चूल हाय," ते म्हणाले. मग रत्नपालांनीही हात घातला. तोही लगेच बाहेर काढला. बादलीभर पाण्यानं ढीग गार पडला आणि पुन्हा तापायला बरेच दिवस लागले, पण रत्नपालांनी ते महेबूबभाईंना कधी सांगितलं नाही.

उन्हाळा लागायच्या सुमाराला खत काळं आणि मोकळं झालं. भुसा ओळखू येईना, वास ओल्या मातीचा येई. चांगुणाबाईंनी ते नव्या रोपांना घातलं. रोपं हिरवी राहिली. त्यांनी मागचं दार उघडलं.

त्याच दिवसांत आकांक्षा सुट्टीला आली. नांदेडचं एक कुटुंब ससे घ्यायला तयार होतं, रविवारी येणार होतं. जेवताना तिनं हे आनंदानं सांगितलं. रत्नपालांनी हातातला घास खाली ठेवला.

"या रविवारी जमणार न्हाई," ते म्हणाले.

"काहून?"

"दुसरा ढीग अर्धा झालाय. भुसा बंद झाला तर तो मधीच राहील."

"बाबा, खत बाजारात मिळतं."

"मिळतं," रत्नपाल म्हणाले, आणि हात धुवून पडवीत गेले.

आकांक्षानं आईकडं बघितलं. चांगुणाबाई हळू आवाजात म्हणाल्या, "थंडीत सशायच्या पिंजऱ्यावर सोताची शाल टाकून राहिले होते ते. मी इचारलं तर म्हणे, धुवायला काढलीय."

आकांक्षानं उठून नांदेडला फोन लावला. मग पडवीत येऊन वडिलांच्या स्टुलाशेजारी खाली बसली.

"काय सांगितलंस?" त्यांनी विचारलं.

"बाबांचं खत अर्धवट हाय म्हणून सांगितलं."

"बराबर," रत्नपाल म्हणाले.  त्यांनी मेथीची जुडी उचलली आणि निम्म्या काड्या तिच्या हातात दिल्या.

ती निघाली तेव्हा रत्नपालांनी तिच्या बॅगेशेजारी खताची पिशवी ठेवली. माझ्याकडं कुंडी नाही, ती म्हणाली. चांगुणाबाईंनी मिरचीचं रोप लावलेली कुंडी आणून दिली. नागपूरला जायला आधी नांदेड गाठायचं होतं; बसस्थानकावर त्या गाडीत आकांक्षाला खिडकीची जागा मिळाली. रत्नपाल खाली उभं राहून कुंडी सरळ धर म्हणत होते, आणि गाडी सुटेपर्यंत तिनं ती दोन्ही हातांनी सरळ धरली होती.