निम्मी आपोआप

मी एक जुनी रायफल आहे. मित्रांनो, माझ्या जातीच्या जोरावर साम्राज्ये उभी राहिली, राजेमहाराजे माझ्या जातीला टेकून तसबिरीत उभे राहिले, आणि आमचा नुसता आवाज ऐकून सैन्येच्या सैन्ये माघारी फिरली. मी स्वतः आजवर तीन गोळ्या झाडल्या. त्यांतली एक लागली. ती मातीच्या ढिगाला लागली, आणि ढीग बराच मोठा होता.

माझा जन्म सातासमुद्रापलीकडे एका कारखान्यात झाला. तिथे मला अक्रोडाच्या लाकडाचा दस्ता बसवला, नळीला निळसर झिलई दिली, आणि एका चष्मेवाल्या माणसाने माझ्या नळीतून उजेडाकडे पाहून माझ्यावर ‘उत्तम’ असा शिक्का मारला. तो शिक्का अजून जागेवर आहे. जागेवर राहिलेली माझी ती एकच गोष्ट.

मी सेमी-ऑटोमॅटिक जातीची. म्हणजे एक गोळी सुटली, की तिच्याच धक्क्याने माझा बोल्ट, म्हणजे आतला सरकता लोखंडी खिट्टा, मागे जातो, रिकामे टरफल बाहेर फेकतो आणि नवे काडतूस आत ओढून घेतो. माणसाने फक्त पुन्हा घोडा दाबायचा. माझा सगळा मोठेपणा या दुसऱ्या गोळीत आहे. ती मी अजून झाडलेली नाही.

एका गोऱ्या साहेबाने मला नगरच्या कॅम्पात आणले. कर्जतच्या बाजूला त्याने माझ्याकडून एक काळवीट हुकवले आणि नंतर आठ वर्षे मला भिंतीवर टांगून ठेवले. पाहुण्यांना तो माझ्याकडे बोट दाखवून त्या काळविटाची गोष्ट सांगे. गोष्टीत ते मरत असे. एकोणीसशे सेहेचाळीस साली साहेबाला विलायतेला परत जायची घाई झाली. त्याने कपबश्या, पियानो, मडमेच्या टोप्या आणि मी, असे सगळे विकायला काढले. अशी मी नगरातल्या बंदुकीच्या दुकानात मोझेस मिस्त्रींच्या टेबलावर येऊन पडले.

मोझेस मिस्त्री लढाईच्या काळात पलटणीची हत्यारे दुरुस्त करीत, आणि रविवारी चर्चमध्ये खालच्या पट्टीत गात. त्यांनी मला दुकानामागे नेऊन मातीच्या ढिगावर एक गोळी मारली, कान देऊन ऐकले, आणि म्हणाले, “आवाज सुरात आहे.” माझ्या आयुष्यातले हे सर्वांत मोठे कौतुक.

आणि मग पुंजाराम आला.

पुंजाराम श्रीगोंद्याकडचा, घोड नदीच्या काठचा. त्याने आणि त्याची बायको मनकर्णा हिने सात वर्षे खपून एक विहीर खणली होती आणि त्या साली पहिल्यांदाच दोन एकर ऊस लावला होता. त्याआधी दर हिवाळ्यात ती दोघे कोयता घेऊन उत्तरेला कारखान्याच्या मळ्यात दुसऱ्यांचा ऊस तोडायला जात. घरचा ऊस टिकला, तर यंदापासून जाणे नाही, एवढाच त्यांचा हिशेब होता. मध्ये होती ती नदीकाठच्या बाभळीतली रानडुकरे. म्हणून पुंजारामने कचेरीत सतरा खेपा घालून पीक राखण्यापुरता बंदुकीचा परवाना काढला होता.

“पहिलीच बंदूक ना?” मिस्त्री म्हणाले. “मग ही एकनळी घ्या. मोडायची, काडतूस घालायचं, मिटायची. बिघडण्यासारखं हिच्यात देवाने काही ठेवलेलंच नाही.”

“आन् ही?”

“ती सेमी-ऑटोमॅटिक.”

“म्हंजी?”

मिस्त्रींनी जरा विचार केला. “म्हणजे निम्मी आपोआप.”

“ऱ्हायलेली निम्मी?”

“ती तुम्ही.”

पुंजाराम माझ्याकडे बघतच राहिला. सात वर्षांत त्याची कुठलीच गोष्ट आपोआप झाली नव्हती. निम्मी म्हणजे चैनच.

“डुकरं धा-धा येत्यात, मिस्तरी. एकनळीत एकच बार. एक पळंल, बाकीची नऊ खात बसत्याल.”

“अहो, एका आवाजात सगळी पळतात.”

“तुमची पळत असत्याल, नगरची. आमची लई बेरकी हायत.”

साहेबाला घाई असल्यामुळे माझी किंमत एकनळीच्या जवळपास आली होती, आणि तिथेच सगळा घात झाला. मिस्त्रींनी परोपरीने सांगितले. हिची काडतुसं साहेबाबरोबर गेली, माझ्याकडे पाच उरलीत. स्प्रिंग गेली तर विलायतेहून यायची. हिला धूळ खपत नाही, चिखल खपत नाही. तेल द्यायचं ते सुईच्या टोकावर मावेल एवढं. स्वस्तात मिळते म्हणून नाजूक वस्तू घेऊ नका, बाबा. पुंजारामने सगळे मान डोलावून ऐकले आणि मग मला बैलबाजारातल्यासारखे तपासायला सुरुवात केली. मागून पाहिले, पुढून पाहिले, पाठीवर थाप मारली. नळीत डोकावला तेव्हा तो दात मोजतो आहे अशी माझी खात्री झाली. शेवटी दस्त्याच्या लाकडात त्याला एक गोल गाठ दिसली.

“भवरा!” तो म्हणाला. “आन् बराबर खांद्याव. असलं जनावर धन्याला टाकून जात न्हाई.”

मग त्याने उपरण्याखाली मिस्त्रींचा हात धरून बोटे दाबली. बैलाचा भाव असा न बोलता, बोटांनीच ठरतो. मिस्त्रींना ही भाषा ठाऊक नव्हती. माणूस प्रेमळ आहे असे वाटून त्यांनीही भरल्या मनाने अख्खा पंजा दाबला. सौदा झाला.

गावात माझे स्वागत थाटात झाले. मनकर्णाने दारात माझ्यावरून भाकरीचा तुकडा ओवाळून टाकला. नेम शिकायला काडतूस खर्चायचे नाही, असे ठरले. मला भिंतीतल्या खुंटीवर टांगले. शेजारच्या मळ्याचे आबासाहेब मुद्दाम मला बघायला आले. त्यांच्याकडे आजोबांच्या वेळची ठासणीची बंदूक होती. तिच्यात ते दारू, चिंध्या आणि बैलाच्या नालाचे खिळे ठासत. तिचा नेम आजवर कशालाच लागला नव्हता, पण धूर असा निघे की डुकरे काही दिवस आबासाहेबांच्या बांधाला फिरकत नसत. ती सरळ पुंजारामच्या उसात येत.

“पुंजा, हिच्यात खिळं जात्यात का?” आबासाहेबांनी विचारले.

“न्हाई जी. ही निम्मी आपोआप हाय.”

“आमची समदी आपोआप हाय. कवा उडंल सांगता येत न्हाई.”

पोळा जवळ आला, तसा ऊस पुरुषभर झाला आणि त्यात गोडी भरली. पोळ्याच्या आदल्या दिवशी आपल्याकडे खांदेमळण असते, हे तुम्हाला ठाऊकच आहे. वर्षभर जू ओढून बैलाचे खांदे दुखतात, म्हणून ते तूप-हळदीने मळायचे. पुंजारामचे दोन बैल मळून झाले, वाटीत तूप उरले, आणि मनकर्णाची नजर माझ्याकडे गेली.

“अवं, ही बी खांद्यावच काम करनार ना?”

“व्हय की.”

“मग हिचा बी खांदा मळाय नगं? का ही परक्याची?”

“मिस्तरी म्हनला, सुईच्या टोकाएवढं तेल द्या.”

मनकर्णा कमरेवर हात ठेवून उभी राहिली. “सायबाच्या घरी मिळालं आसंल सुईएवढं. माझ्या दारात आल्याली हाय ती.”

मित्रांनो, इतक्या मायेने मला कोणी कधी हात लावला नव्हता. तिने दस्ता मळला, नळी मळली, आणि मी थकले असेन म्हणून जिथे फट दिसेल तिथे बोटाने तूप-हळद आत भरली. बोल्टच्या खाचेत तर दोनदा. मला ओरडता आले असते तरी मी ओरडले नसते. मला बरे वाटत होते.

पंधरा दिवसांत ते तूप आत थिजले, त्यावर मळ्यातली धूळ बसली, आणि हळदीचा घट्ट गारा झाला. वरून मी चकचकीत दिसत होते.

एके दिवशी दिवस कलताना डुकरे आली. अकरा होती. पुंजाराम मला घेऊन बांधावर गुडघा टेकून बसला. मागे मनकर्णा पत्र्याचा डबा घेऊन उभी. त्याने श्वास धरला, घोडा दाबला. माझी तिसरी गोळी सुटली आणि उसाच्या दोन कांड्या तोडून नदीपलीकडे गेली. डुकरांनी माना वर केल्या.

हीच ती वेळ होती. माझा बोल्ट निम्मा मागे गेला आणि हळदीत रुतून बसला. पुंजाराम घोडा दाबत होता, दाबत होता. आत चार काडतुसे तशीच.

“आवं, मारा की!”

“आगं, आपोआप व्हनार हाय!”

“कवा?”

डुकरे दोघांचे बोलणे जरा वेळ ऐकत उभी राहिली. मग त्यांनी पुन्हा खायला सुरुवात केली. मनकर्णाने डबा वाजवला, पण तो त्यांच्या ओळखीचा होता. शेवटी पुंजारामने बोल्ट हलवायला दगड उचलला. दुसऱ्या ठोक्याला आत काहीतरी कट्‌कन मोडले. ती माझी स्प्रिंग.

तो मला घोंगडीत गुंडाळून आगगाडीने नगरला घेऊन गेला. मिस्त्रींनी मला उघडले, आतला पिवळा गारा बोटावर घेऊन हुंगला.

“हिच्यात शिरा केला होता काय?”

“खांदा मळला हुता, मिस्तरी. मायेनं.”

मिस्त्रींनी चारी काडतुसे काढून घेतली आणि मला रॉकेलने धुतले. स्प्रिंगसाठी त्यांनी विलायतेला पत्र लिहिले. उत्तर आले नाही. पुंजाराम मला तशीच घेऊन गावी परतला तोवर डुकरांनी एक एकर साफ केला होता. उरलेला त्यांनी दिवाळीपर्यंत सावकाश संपवला. घाई करायचे त्यांना कारणच नव्हते.

दिवाळीनंतर मनकर्णाने पेटीच्या मागून दोन कोयते काढले आणि पुंजाराम ओसरीत बसून त्यांना धार लावू लागला.

“हिला न्यायची का संगं?” तिने माझ्याकडे बघत विचारले.

“नगं. कोयत्याला लायसन लागत न्हाई.”

जायच्या आधी त्याने मला श्रीगोंद्याच्या कचेरीत जमा केले. परवाना पीक राखण्याचा; पीक नाही म्हणजे परवाना नाही, असे कारकुनाने कायदा उघडून दाखवले. तेव्हापासून मी इथे मालखान्यात आहे, गळ्यात चिठ्ठी. मध्ये देश स्वतंत्र झाला. मला आवाजावरून कळले. ती दोघे दर हिवाळ्यात उत्तरेला जातात आणि उन्हाळ्यात परततात. परतला की पुंजाराम कचेरीत येतो.

“सायेब, बंदूक द्या. औंदा ऊस लावनार हाय.”

“आधी पीक दाखव.”

“बंदूक आसंल तर पीक दिसंल, सायेब.”

“पीक असेल तर बंदूक दिसेल.”

मग तो दारातूनच माझ्याकडे एकदा बघतो. आणि मित्रांनो, मोडकी स्प्रिंग घेऊन मी त्याच्याकडे परत गेले, तरी काय होणार आहे, हे त्यालाही ठाऊक आहे आणि मलाही. तरी तो येतो. यंदा येताना मनकर्णाही होती. तिने गजांमधून हात घालून माझ्या दस्त्यावरची धूळ पदराने पुसली, आणि कारकून ओरडल्यावर हात मागे घेतला.

म्हणून सांगते. पहिली बंदूक घ्याल तेव्हा साधी घ्या. दहा गोष्टी करणारी घेऊ नका. एकच गोष्ट करील, पण चिखलात करील, विसरभोळ्या माणसाच्या हातीही करील, अशी घ्या. तिला काय लागते ते विचारा, आणि विचारलेत तर ऐका. आणि ज्याच्यावर माया कराल त्याला आधी...

पण हे तुम्ही ऐकणार नाही. माया करणारा माणूस कधी कोणाचे ऐकतो? तेव्हा ते राहू द्या. माझे एकच छोटे मागणे आहे. इथला शिपाई बन्सी पावसातून आला की आपली ओली छत्री माझ्या नळीला अडकवतो. तुमच्यापैकी कोणी श्रीगोंद्याला कचेरीच्या कामाने गेलात, तर त्याला एवढे सांगा, की अडकव बाबा, पण आधी जरा झटकून.